कडधान्य सोडलेल्या पुतण्यासाठी

बाळा, तू म्हणे कडधान्य सोडलंस. पोट फुगतं, ऑफिसात चारचौघांत बसायची चोरी होते, म्हणून मटकी, हरभरा सगळं बंद. आपल्या जानेफळच्या शिवारात खरिपाला सोयाबीन आणि त्यात तुरीचं तास, रब्बीला हरभरा. घरातल्या कोठ्या याच दाण्यांनी भरल्या आणि तुझ्या कॉलेजची फीसुद्धा याच दाण्यांनी भरली. त्या घरच्या पोराने कडधान्याशी अबोला धरावा, हे काही बरं दिसत नाही. तुझी तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. पोट फुगतं, खरंच फुगतं. पण त्यात दाण्याचा दोष थोडा आणि घाईचा फार, एवढंच तुझ्या मोठ्या आईचं म्हणणं.

आधी पोट काहून फुगतं ते ऐकून घे, म्हणजे पुढचं पटेल. कडधान्यात काही साखरा असतात. रॅफिनोज, स्टॅकिओज अशी त्यांची नावं. त्या फोडायला जे पाचकद्रव्य लागतं ते माणसाच्या आतड्यात तयारच होत नाही. तुझ्या नाही, माझ्या नाही, तालमीतल्या पैलवानाच्याही नाही. मग त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जंतू त्यांच्यावर ताव मारतात. त्यातून हायड्रोजन निघतो, कार्बन डायऑक्साइड निघतो, काहींच्या पोटात मिथेनही निघतो. एवढाच तो वारा. परदेशात ते पाचकद्रव्य बुरशीपासून काढून गोळीत भरून विकतात म्हणे. आपल्याला गोळी नको. त्या साखरा ताटात येण्याआधी जमतील तितक्या कमी करायच्या, आणि उरतील त्यांची पोटाला सवय लावायची.

आता क्रमाने वाच. मधलं गाळू नको. तुझी गाळायची सवय मला शाळेपासून ठाऊक आहे.

1. कडधान्य शक्यतो यंदाच्या हंगामाचं घे – दाणा जुना होत जातो तसा टणक होतो, मग चार शिट्या होऊनही आतला गर कणीदार राहतो आणि तीच कणी रात्री पोटात बोलते.

2. नवं आणि जुनं एका डब्यात ओतू नको – नवं शिजून गळून जातं तोवर जुनं दाताखाली टणकच.

3. घरून आलेल्या हरभऱ्याला बाल्कनीतलं का होईना, एक ऊन दाखव, मग डबा बंद कर, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाक – ओल राहिली की आधी बुरशी, मागून भुंगा. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळलेलं आहे, ती धुताना पहिलं पाणी कोमट घे.

4. ताटात पसरून, उजेडात निवड – किडका, काळपट, सुरकुतलेला दाणा भिजत नाही, आणि न भिजलेला एक दाणा अख्ख्या वाटीचं नाव खराब करतो.

5. रात्री भांडी घासून झाली की लगेच भिजत घाल, हरभरा, काबुली आणि राजमा 10 ते 12 तास, मूग, मटकी आणि बरबटी 6 ते 8 तास – सकाळी उठून घालीन म्हणणारा दुपारी कच्चंच खातो. मी म्हणते, रात्रभर बुडालं ते दिवसभर उडालं नाही.

6. पाणी दाण्याच्या चौपट ठेव आणि भांडं मोठं घे – दाणा फुगून वर आला की वरचे कोरडे राहतात, आणि मग एकाच उसळीत दोन पिढ्या शिजतात.

7. भिजवलेलं पाणी फेकून दे, बाळा, जीव कितीही कळवळला तरी – त्या उपद्रवी साखरांचा थोडा वाटा त्याच पाण्यात उतरलेला असतो. थोडं जीवनसत्त्वही जातं, हे मला मान्य; पण पोट दुखतं म्हणून सगळं कडधान्य सोडण्यापेक्षा एवढी पट्टी भरलेली परवडली. पाणी कुंडीतल्या तुळशीला घाल, म्हणजे वाया गेलं असं वाटणार नाही.

8. भिजवायचं विसरलास तर रडू नको. दाणे भरपूर पाण्यात उकळायला ठेव, दोन-तीन मिनिटं खळखळू दे, गॅस बंद कर, तासभर झाकून ठेव, मग ते पाणी ओतून दे – गरम पाण्यात दाणा लवकर उमलतो आणि साखराही लवकर सुटतात.

9. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही ही तक्रार खरी आहे, भिजवायला आणि शिजवायला आरओच्या जारचं पाणी घे – जड पाण्यातला चुना दाण्याच्या सालीला आणखी घट्ट करतो. तेही नसेल तर भिजवताना लिटरभर पाण्यात लहान चमचाभर मीठ टाक आणि सकाळी धुऊन काढ – मिठाने साल मऊ पडते.

10. मे महिन्यात भिजवलेलं रात्रभर ओट्यावर ठेवू नको, फ्रिजमध्ये ठेव, नाहीतर मध्ये एकदा पाणी बदल – आपल्या उन्हाळ्यात पाच-सहा तासांत पाण्याला फेस येतो आणि वास सुटतो, तो वास म्हणजे दाणे आंबायला लागल्याची खूण.

11. खाण्याचा सोडा किंवा पापडखार टाकायचाच तर चिमूटभर, तोही जुन्या, हट्टी हरभऱ्यापुरता – दाणा मऊ पडतो खरा, पण त्यातलं ब-1 जीवनसत्त्व मरतं आणि उसळीला साबणासारखी चव येते.

सोड्याचा विषय निघाला म्हणून सांगते. आपल्या जिल्ह्याला खार नवा नाही. लोणारच्या सरोवराचं पाणी खारट आणि सोड्याचं. जुन्या काळी तिथून खार काढून विकत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रतवारीची नावं होती. 2020 च्या जूनमध्ये तेच सरोवर गुलाबी झालं तेव्हा तू फोटोवर फोटो पाठवत होतास. तर एवढा खार उशाला असूनही आपल्याकडच्या शहाण्या बायका तो हात राखूनच वापरत आल्या. तूही तसाच वापर.

12. जमेल तेव्हा मोड आणून कर, मटकीला आणि मुगाला एक दिवस, हरभऱ्याला दीड – अंकुर फुटताना दाणा स्वतःच त्या साखरा खाऊन टाकतो. आपलं निम्मं काम दाणाच करतो, आपण फक्त फडकं ओलं ठेवायचं.

13. मोड अर्ध्या बोटाएवढे झाले की थांब – लांब शेपटीचे मोड दिसायला छान, खायला कडवट.

14. मोड आलेलं कच्चं खाऊ नको, निदान पाच मिनिटं वाफवून घे – जी ऊब आणि ओल मोडांना लागते तीच जंतूंनाही लागते. 2011 साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय जंतू पसरला आणि पन्नासावर माणसं दगावली. तिथली स्वच्छता आपल्यापेक्षा कमी नव्हती.

15. जिमवाल्या मास्तराने भिजवलेला कच्चा हरभरा मूठभर खायला सांगितला असेल, तर मास्तरांना माझा नमस्कार सांग आणि हरभरा उकडून खा – कच्च्या दाण्यात पचनाला अडवणारे घटक शाबूत असतात, त्यामुळे प्रथिनाच्या आशेने खाल्लेला हरभरा प्रथिन कमी आणि वारा जास्त देतो. कच्चा दाणा म्हणजे रात्रीचा पाहुणा, बसला की उठत नाही.

आता चुलीकडे चल. तुझा सगळा गोंधळ इथेच होतो. कुकर लावतोस, मोबाइल हातात घेतोस आणि शिट्या मोजायचं विसरतोस.

16. शिजवायला नवं पाणी घे, आणि कुकरचं झाकण लावण्याआधी एक उकळी उघड्यावर येऊ दे – भांड्याच्या कडेने पांढरट, चिकट फेस गोळा होतो, पळी तिरकी धरून तो काठाशी ओढायचा आणि काढायचा. फेस काढला की वरण स्वच्छ होतं आणि कुकरची शिटीही तुंबत नाही.

17. शिट्यांवर विश्वास ठेवू नको, बोटांवर ठेव. दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाब, मधे पांढरा कणीदार ठिपका दिसला तर अजून दोन शिट्या – कुकर कुणाचा मोठा, कुणाचा लहान, गॅस कुणाचा मंद. दाबलेला दाणा मात्र सगळीकडे खरं बोलतो. चुलीला घाई, तर पोटाला लढाई.

18. चिंच, टोमॅटो, आमचूर हे दाणा पूर्ण शिजल्यावरच टाक – आंबट पडलं की साल घट्ट होते आणि मग कितीही उकळ, दाणा तसाच. गूळही शेवटीच.

19. राजमा आपल्याकडचा नाही, पण तुझ्या रूमवर दर रविवारी होतो म्हणून बजावते: रात्रभर भिजवून, पाणी फेकून, खळखळत्या उकळीत निदान अर्धा तास किंवा कुकरमध्ये नीट शिजव – कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, चार-पाच दाण्यांनीही उलट्या आणि जुलाब लागू शकतात. मंद आंचेवर तासन् तास ठेवायच्या विजेच्या भांड्यात तो कच्चा टाकू नको. अर्धवट तापलं की ते विष कमी व्हायच्या ऐवजी वाढतं.

20. पिठलं गुठळी मोडली की झालं असं समजू नको, झाकण ठेवून सात-आठ मिनिटं मंद आंचेवर रटरटू दे – बेसन हे न भिजवलेल्या हरभऱ्याचंच पीठ, त्याचा कच्चेपणा घालवायला आंच एवढाच उपाय. 1995 साली सरकारने रुपयात झुणका-भाकर काढली तेव्हा लोक चवीला नावं ठेवत. मी म्हणायची, चव राहू द्या, आधी तो झुणका शिजलाय का ते बघा.

21. भजी, शेव, पातोडी एकाच जेवणात नको – तिन्ही बेसनाची, आणि त्यावर तुझं वरण म्हणजे चौथी डाळ. पाहुणचाराच्या ताटात हे लक्षात येत नाही, उठल्यावर येतं.

22. हिंग तेल तापल्यावर, पण धूर निघायच्या आधी टाक, आणि चिमटीला कंजूषी करू नको – जळलेला हिंग कडू होतो. पण शिजायच्या आळसावर पांघरूण घालायला त्याला बोलावू नको. हिंग मदतीला येतो, दुसऱ्याचं काम करत नाही.

हिंगाची मोठी मजा आहे. आपल्या घराघरात तो, आणि पिकतो अफगाणिस्तानात, इराणात. 2020 च्या ऑक्टोबरात पालमपूरच्या सरकारी संस्थेने हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात त्याची रोपं लावली. हिंग भारतात पिकवायचा हा प्रयत्न अलीकडचा. डबीत मिळतो तो पिठात आणि डिंकात मळलेला असतो. कुणाला गव्हाचं वावडं असेल तर डबीवरची बारीक अक्षरं वाचायला सांग. आणि असं समजू नको की पोट फुगू नये म्हणून हंडीत असं काही टाकायची युक्ती आपल्यालाच सुचली. मेक्सिकोत घेवड्याच्या हंडीत एपाझोते नावाचा उग्र वासाचा पाला टाकतात, जपानात कोंबू नावाचं समुद्री शेवाळ. पोट सगळ्यांचं सारखंच फुगतं.

23. पोपटीच्या आणि वालाच्या दाण्यांना ओव्याची फोडणी दे, हरभऱ्याला आलं आणि जिरं – ओव्याचा उग्रपणा वालाच्या उग्रपणाला पुरा पडतो. हे शास्त्र नव्हे, आपल्या घरची जीभ आहे, पण तू ऐक.

24. उसळीत कांदा-लसूण जरा आवर, निदान तुझं पोट जागेवर येईपर्यंत – कांद्यात, लसणात आणि गव्हातही वारा करणारे वेगळे घटक असतात. तू मटकीला शिव्या देतोस आणि ओंजळभर कांदा सुटून जातो. जैनांच्या घरची हिंग-जिऱ्याची डाळ खाऊन बघ, फरक कळेल.

25. तर्री वेगळी, उसळ वेगळी – छातीत जळजळलं तर तो तिखटा-तेलाचा प्रताप, पोट फुगलं तर दाण्याचा. दोघांना एकच शिक्षा देऊ नको.

26. सुरुवात मुगापासून कर – पचायला त्याच्याइतकं सोपं कडधान्य घरात दुसरं नाही. पोट अगदी रुसलं असेल तर मूठभर मूग आठपट पाण्यात गळेपर्यंत शिजव, गाळ, जिरं आणि सैंधव टाकून कढण पी.

27. मुगाने त्रास दिला नाही तर सालपट काढलेल्या डाळी, मग मटकी आणि बरबटी, आणि हरभरा-राजमा सगळ्यात शेवटी – सालासकट अख्खा दाणा पोटाला जास्त वेळ कामाला लावतो.

28. डाळसुद्धा अर्धा तास भिजव, दोन-तीन पाण्यांनी धू, आणि वरण घोटून एकजीव कर – नुसतं फुटलेलं आणि घोटलेलं वरण यांत पोटाला फरक कळतो. रवीने घोट, मिक्सरने चिकट होतं.

29. हिवाळ्यात सोलेभात आणि सोल्याची आमटी मनसोक्त खा, पण सोले वाफेवर पुरते मऊ होऊ दे – तुरीचा दाणा हिरवा असला तरी दाणाच.

30. शेतात हरभऱ्याचा हुळा खायला बसलास की मी मागून ओरडतेच, आता लिहून देते: अर्धे घाटे जळतात, अर्धे कच्चे राहतात, आणि तू कच्चे आधी उचलतोस – सावकाश भाजलेले, मऊ झालेले सोलून खा, मूठभरच खा. आणखी खावंसं वाटलंच तर हरभऱ्याच्या पाल्याचा घोळाणा खा, घाटा नको.

31. उडीद एकट्याने खाऊ नको, आल्या-मिऱ्याच्या संगतीने आणि थंडीच्या दिवसांत खा – तो जड. इडलीच्या पिठात आंबवला की बराच सुधारतो, कारण पीठ आंबवणारे जंतू त्या साखरांवर तुझ्या आधीच हात मारतात.

32. होळीला पुरणपोळीवर कटाची आमटी वाटीवर वाटी ओढू नको, तुझी सासुरवाडी कितीही आग्रह करो – सातव्या कलमातलं पाणी आठव. डाळीतून जे पाण्यात उतरतं तेच कटात असतं. तिथे आपण ते फेकत नाही, फोडणी देऊन पितो. चव अप्रतिम असते, म्हणून वाटी एकच.

33. घरचं सोयाबीन भरडून कणकेत मिसळायचं असेल तर आधी 20 ते 25 मिनिटं उकळत्या पाण्यात उकळ, खणखणीत वाळव, मग 9 किलो गव्हाला 1 किलो या मापाने दळायला दे – कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनाचं पचन रोखणारा घटक असतो, तो उष्णतेनेच निकामी होतो. आपल्या भागात एकरांवर एकर सोयाबीन पिकतं आणि बहुतेक सगळं तेलाच्या गिरणीला जातं. घरात वापरायचं तर एवढं कष्ट हवंच.

34. सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून दोनदा कसून पीळ, मगच रश्शात टाक – पहिलं पिळलेलं पाणी वास आणि वारा दोन्ही घेऊन जातं.

35. बाजारात तुरीची डाळ किंवा बेसन फारच स्वस्त मिळालं तर आनंदाने नाचू नको – पूर्व विदर्भात भाताच्या बांधीत होणाऱ्या लाखोळीची भेसळ व्हायची. ती महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पायांतली शक्ती जाते, म्हणून 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. इथे वारा-बिरा काही नाही, ही गोष्ट वेगळी आणि मोठी, म्हणून मुद्दाम लिहिली.

ताटात काय घ्यायचं ते झालं, आता कसं खायचं. हे तुला ऐकायला आवडणार नाही, तरी.

36. पहिले काही आठवडे दोन पळ्याच उसळ, आठवड्यातून तीनदा, त्रास नसेल तर हळूहळू वाढव – आतड्यातल्या जंतूंची वस्ती तुझ्या खाण्याप्रमाणे बदलते, दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचा वारा कमी होतो. महिनाभर काही नाही आणि रविवारी एकदम दोन वाट्या, हा तुझा हिशेब. पहिल्या घासाला लाज नाही, तर शेवटच्या घासाला इलाज नाही.

37. एका वेळी एकच कडधान्य वाढव आणि कशाने त्रास होतो ते मोबाइलमध्ये टिपून ठेव – तिथे नको ते इतकं टिपतोस, हेही टिप. मिश्र कडधान्याच्या उसळीत आरोपी सापडत नाही.

38. उसळ दुपारी खा, रात्री वरण-भात किंवा खिचडी – रात्री जेवून लगेच आडवं झालं की वारा अडतो, आणि मग तू दोन वाजता आईला फोन करतोस.

39. दाणा दातांनी बारीक कर, आणि जेवताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव – बोलत, बघत, भराभर गिळताना घासाबरोबर हवाही गिळली जाते, ती दाण्याच्या नावावर जमा होते.

40. उसळीच्या जेवणात दुधाचा ग्लास नको, ताकाची वाटी चालेल – अनेक मोठ्या माणसांना दुधातली साखर पचत नाही, ताकात ती कमी असते. ताकात भाजलेलं जिरं आणि काळं मीठ टाक. ताकाने पोट शांत होतं की नुसती जीभ, यावर आपल्या घरात वाद आहे. मी ताकाच्या बाजूची.

41. पोट फुगलं म्हणून सोड्याची बाटली फोडू नको – तिच्यात गॅसच भरलेला आहे. ढेकर आला म्हणजे उतरलं असं वाटतं, वास्तविक तो बाटलीचाच परत आलेला असतो.

42. जेवून शतपावली घाल, कंपनीच्या गच्चीवर का होईना – चालल्याने आतड्यातला वारा पुढे सरकतो, खुर्चीत दाबून बसल्याने कोपऱ्यात अडकतो.

43. प्रवासाच्या दिवशी हरभरा नाही – मेहकरहून खामगावची बस, गच्च भरलेली, खिडकी उघडत नाही, आणि तुझ्या पोटात उसळ. पुढचं मी लिहीत नाही.

44. शेगावची पालखी पंढरपूरहून परत जाताना जानेफळवरून जाते तेव्हा वारकऱ्यांसाठी काय करायचं असं सूनबाई विचारते. तिला सांग, पायी चालणाऱ्याला वरण-भात आणि गरम पोळी वाढ, मोड आलेल्या हरभऱ्याची हौस घरच्यांवर कर – माणसाला पुढे मुक्कामापर्यंत चालायचं आहे, त्याच्या पोटाचा प्रयोग आपल्या अंगणात नको.

45. उरलेली उसळ दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाक, दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम कर, तिसऱ्या दिवशी मोह टाळ – शिळ्या उसळीची चव मुरते हे खरं, पण मुरता मुरता ती आंबतेही.

46. वजन घटतंय, शौचातून रक्त जातंय, दुखण्याने झोपमोड होतेय, ताप येतोय किंवा जुलाब थांबत नाहीत, यांतलं काहीही असेल तर ओवा चावत बसू नको, सरळ डॉक्टरकडे जा – हे वाऱ्याचं दुखणं नव्हे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला डाळ किती हे डॉक्टरच ठरवतील. तुझ्या मोठ्या बाबांची वाटी मी त्यांच्या कागदाप्रमाणे मोजूनच भरते.

दादाच्या गाडीतून पिशवी पाठवली आहे. वर मूग आहे, त्याला निळा दोरा बांधलाय, तो आधी संपव. त्याखाली मटकी. तळाशी हरभरा आहे, आपल्याच वावरातला, यंदाचा. तो दिवाळीनंतर उघड. हिंगाची डबी वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूच्या खिशात आहे, वास सगळ्या कपड्यांना लागला तर मला सांगू नको.